आंजर्ल्याच्या हवेत सांगोल्याचा दुष्काळ

दुष्काळावरची कादंबरी पुरी करायला आंजर्ल्याला चाललेय म्हटल्यावर प्रकाशक फोनवर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मासे ताजे मिळतील.’

तेही नाही. मी उतरले ते घर शाकाहारी. कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, आमसुलाचं सार. तक्रारीला जागा नाही. मासे पलीकडे हर्णैच्या बंदरावर. तिथला लिलाव ऐन लिहिण्याच्या वेळी, आणि आणलेले मासे शिजवायचे कुठे, हा प्रश्न काकूंपुढे काढायची हिंमत झाली नाही.

खोली मात्र चित्रातल्यासारखी. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, भोवती नारळी-पोफळीची वाडी, टेबलासमोर खिडकी आणि खिडकीत सुरूच्या झाडांआडचा समुद्र. मी हाताने लिहिते, शाईच्या पेनाने. इथे कागद सादळतो. सकाळी लिहिलेल्या ओळी संध्याकाळपर्यंत फुगून शेजारच्या ओळींना भेटायला जातात. काडेपेटी पेटत नाही, मीठ डब्यातून पडत नाही, पापड तळल्यावर चार मिनिटांत मान टाकतो. काकूंनी उपाय सांगितला, ‘कागद तांदळाच्या डब्यात ठेवा.’ ठेवले. १९७२ चा दुष्काळ तांदळात पुरून ठेवण्यातली गंमत त्यांना सांगितली, तर म्हणाल्या, ‘वर झाकण नीट लावा म्हणजे झालं.’

कागदाचं निभावलं, पण हवा मजकुरातही शिरली. माझी माणसं सांगोल्याकडची. सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडणारी, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढणारी. एका संध्याकाळी वाचायला घेतलं तर सगळीजण घामाने निथळत होती. नायिकेचं लुगडं अंगाला चिकटलं होतं, मुकादम सारखा मान पुसत होता. ही कोकणातली माणसं झाली! सांगोल्याच्या उन्हात घाम असा दिसत नाही, तो अंगावरच वाळतो आणि सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग ठेवतो. ओठ फुटतात, टाचा फुटतात, ढेकूळ हातात घेतलं की भुगा होतो. मी माझ्याच मानेवरचा घाम उचलून त्यांना लावत होते. ते अख्खं प्रकरण पुन्हा वाळवावं लागलं. टेबलही उचलून माजघरात नेलं, जिथे खिडकी नाही, समोर फक्त धान्याची कणगी आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर. काकूंना वाईट वाटलं. खोलीचं भाडं समुद्राचं होतं.

लेखकाला समुद्र हवा, ही कल्पना बहुधा पर्यटनवाल्यांची असावी. आंजर्ल्याशेजारचं मुर्डी हे श्री. ना. पेंडशांचं गाव. ‘गारंबीचा बापू’ आला १९५२ मध्ये, तेव्हा पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते. आरवलीचे जयवंत दळवीही आरवलीची माणसं लिहीत होते ते मुंबईत, अमेरिकन माहिती खात्याच्या कचेरीतली नोकरी सांभाळून. व्हिक्टर ह्यूगो हद्दपारीत गर्न्सी बेटावर होता, घरातून समुद्र दिसायचा. पण १८६२ मध्ये बाहेर आलेल्या ‘ले मिझेराब्ल’मध्ये पॅरिसची गटारं आहेत. (पुढे १८६६ मध्ये त्याने त्या बेटावरच्या दर्यावर्दी माणसांचीही कादंबरी लिहिली. हे माझ्या म्हणण्याच्या आड येतं, पण त्याला काचेची खोली होती, सादळलेला कागद नव्हता.) जे डोळ्यांसमोर आहे ते लिहायला माणूस आळसतो. नाही ते मात्र उभं करावंच लागतं.

फिरायला जायची वेळ काकूंच्या यजमानांनी ठरवून दिली. त्यांच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मोबाईलशी ताडून पाहिलं, फार चुकत नाही. हिशोब वेळ सांगतो, पाणी कुठवर येईल ते मात्र नाही. अष्टमीला भांगाची भरती, पाणी लांबच राहतं. पौर्णिमेला उधाण. अष्टमीला ज्या सुरूखाली चपला कोरड्या राहिल्या होत्या, तिथूनच त्या पौर्णिमेला गेल्या. एक परत मिळाली, उजवी. यजमान म्हणाले, ‘दुसरी केळशीला लागेल,’ आणि खरंच कुणाला तरी फोन करायला उठले.

पौर्णिमा म्हणजे शिमगा. त्याआधीपासून रात्री ढोलांची तालीम, दारात खेळे, मग पालखी. माजघरात टेबल असल्याने पालखीच्या वाटेवर मीच होते. कादंबरी पुन्हा तांदळात. पालखी आली तेव्हा टेबलावर आरतीचं ताट होतं, आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी ‘ह्या लिहितात’ या ओळखीवर मला गाऱ्हाण्यात घेतलं. गाऱ्हाणं घालणाऱ्याने काकूंना हळूच विचारलं, ‘यांचं काय मागायचं?’ काकू म्हणाल्या, ‘पुस्तकात पाऊस पडू दे म्हण.’

त्यांना एवढंच माहीत होतं की माझ्या गोष्टीतल्या विहिरीला पाणी नाही. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्यांनी विषय काढला. शेवट त्यांना पसंत नव्हता. ‘माणसं गाव सोडून जातात म्हणता. मग विहीर कोण बघतं?’ मी म्हटलं, कुणीच नाही. त्यांनी पालेभाजीच्या काड्या बाजूला केल्या. ‘एक म्हातारी तरी मागे राहते हो. सगळे कधीच जात नाहीत. आमच्याकडची सगळी मुंबईला गेली, मी आहे ना?’

म्हातारी आता कादंबरीत आहे. तिला नाव द्यायचं राहिलंय आणि तिच्या वाट्याची पंधरा-वीस पानं लिहायची आहेत, म्हणजे मुक्काम वाढला. काकूंनी माजघराचा दर कमी लावला, पण अट घातली: आंबे उतरायला लागले की आढी माजघरातच घालतात, तेव्हा टेबल गोठ्याशेजारच्या पडवीत जाईल.