विश्लेषण : भाड्याच्या घरात ओल आणि बुरशी... इंग्लंडमधील कौन्सिल घरमालकांवर काय कारवाई करतात?

इंग्लंडमध्ये थंडी सुरू झाली की भाड्याच्या घरांत खिडक्यांच्या काचांवर पाणी साचते आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. घरमालक म्हणतो, खिडक्या उघडत जा. भाडेकरू म्हणतो, भिंतच ओली आहे. हा वाद सोडवण्याचे अधिकार तिथल्या कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक महापालिकेकडे आहेत. शिक्षणासाठी तिकडे गेलेले अनेक मराठी विद्यार्थीही अशाच घरांत राहतात. त्यामुळे ही यंत्रणा कशी चालते आणि कुठे अडते, हे समजून घ्यायला हवे.

भिंत ओली का होते?

कारणे मुख्यतः तीन. जमिनीतून वर चढणारी ओल, छप्पर-पन्हाळ-पाइपची गळती आणि हवेतल्या बाष्पाचे थंड भिंतीवर होणारे पाणी. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण १२ अंशांच्या पृष्ठभागावर बाष्पाचे पाणी होते. बुरशीला तेवढेही लागत नाही. भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली तरी ती वाढते आणि त्यासाठी भिंत १५ अंशांपर्यंत थंड झाली तरी पुरते. व्हिक्टोरियन काळातील अनेक घरांच्या भिंतींत पोकळी नसते, त्यामुळे त्या लवकर गार पडतात. स्वयंपाक, आंघोळ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांतून बाष्प येते हे खरे. पण ते बाहेर घालवणारा पंखा नसणे आणि भिंत सतत थंड राहणे हे दोष घराचे आहेत.

कौन्सिलला कोणते अधिकार आहेत?

आधार २००४ च्या गृहनिर्माण कायद्याचा. त्याखालील नियमांत घरातील २९ धोक्यांची यादी देण्यात आली आणि त्यात पहिलाच धोका होता ओल व बुरशी. कौन्सिलचा अधिकारी घर तपासतो आणि इजेची शक्यता व तिची तीव्रता पाहून गुण देतो. ओल-बुरशीसाठी १४ वर्षांपर्यंतची मुले सर्वाधिक जोखमीचा गट मानली जातात. गुण १,००० किंवा त्याहून अधिक झाले की धोका पहिल्या श्रेणीचा ठरतो आणि मग कारवाई करणे कौन्सिलवर बंधनकारक होते. त्याखालच्या श्रेणीत कारवाई ऐच्छिक आहे.

कारवाई म्हणजे बहुतेकदा दुरुस्तीची नोटीस. घर राहण्याजोगे नसेल तर वापरावर बंदी घालता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर कौन्सिल स्वतः काम करून खर्च मालकाकडून वसूल करू शकते. नोटीस न पाळणाऱ्यावर खटला भरता येतो किंवा दंड लावता येतो; २०१६ च्या कायद्याने या दंडाची मर्यादा ३० हजार पौंड ठेवली होती. दंडाची रक्कम कौन्सिलला याच कामासाठी वापरता येते.

मग घोडे कुठे अडते?

पहिली अडचण वेळेची. नोटीस बजावल्यापासून २८ दिवसांच्या आत काम सुरू करण्याची सक्ती खासगी मालकावर करता येत नाही. त्याला लवादाकडे अपील करायलाही २१ दिवस मिळतात. त्याआधीचा काळ, म्हणजे तक्रार ते पाहणी, पूर्णपणे कौन्सिलच्या मनुष्यबळावर अवलंबून असतो. अनेक ठिकाणी आधी अनौपचारिक पत्र जाते आणि नोटीस नंतर.

दुसरी अडचण भीतीची. कारण न देता घर खाली करायला सांगण्याची मुभा मालकांना वर्षानुवर्षे होती. २०१५ च्या कायद्याने दुरुस्तीची नोटीस निघाल्यावर सहा महिने अशा हकालपट्टीला बंदी घातली. पण हे संरक्षण औपचारिक नोटिशीनंतरच मिळत असे, कौन्सिलच्या साध्या पत्राने नाही. त्यामुळे तक्रार करावी की घर टिकवावे, असा पेच भाडेकरूपुढे राहिला. भाडेकरू हक्क कायदा २०२५ ने ही पद्धत मोडीत काढली आणि त्यासाठी १ मे २०२६ ही तारीख ठरवण्यात आली.

घरमालक कौन्सिलच असेल तर?

इथे कायद्यात विचित्र स्थिती आहे. कौन्सिल स्वतःलाच नोटीस बजावू शकत नाही. त्यामुळे तिच्या भाडेकरूला गृहनिर्माण लोकपालाकडे किंवा न्यायालयात जावे लागते. याच लोकपालाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ओल-बुरशीवर अहवाल दिला आणि दोष भाडेकरूच्या राहणीमानावर ढकलण्याच्या सवयीवर बोट ठेवले.

त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, रॉचडेल येथे अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला होता. त्याचे घर एका गृहनिर्माण संस्थेचे होते. वडिलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली होती आणि त्यांना रंग लावायला सांगण्यात आले होते. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनविकाराने हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यू-चौकशीत निघाला.

‘अवाबचा कायदा’ काय सांगतो?

सामाजिक गृहनिर्माण नियमन कायदा २०२३ मधील या तरतुदी २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाल्या. कौन्सिल आणि गृहनिर्माण संस्था या दोघांनाही आता मुदती पाळाव्या लागतात. तातडीचा धोका २४ तासांत तपासून दूर करायचा. गंभीर ओल-बुरशीची पाहणी कामाच्या १० दिवसांत करायची, तिचा लेखी गोषवारा पुढच्या तीन दिवसांत द्यायचा आणि पाहणीनंतर पाच दिवसांत घर सुरक्षित करायचे. ते जमत नसेल तर कुटुंबाची दुसरीकडे सोय करायची. हेच नियम खासगी घरांना लावण्याची तरतूद २०२५ च्या कायद्यात आहे. मात्र ती प्रत्यक्ष कधी लागू होणार, हे सरकारने नंतर ठरवायचे आहे.

तक्रारीची वाट न पाहणारा मार्ग कोणता?

परवाना. पाच किंवा अधिक जण, दोन किंवा अधिक वेगवेगळ्या कुटुंबांतील, एकत्र राहत असलेल्या घराला कौन्सिलचा परवाना सक्तीचा आहे. याशिवाय ठरावीक भागातील सर्व भाड्याच्या घरांना परवाना लावण्याची मुभा कौन्सिलला आहे. लंडनमधील न्यूअॅमने २०१३ मध्ये असा परवाना जवळपास सर्व खासगी भाड्याच्या घरांना लागू केला. यात तक्रार नसतानाही पाहणी करता येते आणि परवाना शुल्कातून पाहणीचा खर्च निघतो.

मराठी विद्यार्थ्यांनी काय लक्षात ठेवावे?

घराच्या आतील ओलीशी महापालिकेचा संबंध काय, असे इथून गेलेल्याला वाटू शकते. इंग्लंडमध्ये तो थेट आहे. मालकाला तक्रार लेखी, ईमेलवर करावी, कारण २०१५ च्या कायद्यातील संरक्षणासाठी लेखी तक्रार गरजेची होती. तारखेसह फोटो ठेवावेत. उत्तर न आल्यास कौन्सिलच्या खासगी गृहनिर्माण किंवा पर्यावरण आरोग्य विभागाकडे जावे. घराला परवाना आवश्यक असूनही तो नसेल, तर लवादाकडे भाडे परत मागता येते. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये नियम वेगळे आहेत.

कायदे पुरेसे आहेत का?

कागदावर तरी त्यांची वानवा नाही. तरीही आज एकाच रस्त्यावरच्या दोन घरांत सारखीच बुरशी असेल, तर कौन्सिलच्या भाडेकरूसाठी घड्याळ लावलेले आहे आणि खासगी भाडेकरूला अधिकाऱ्याच्या पाहणीची वाट पाहावी लागते. ही तफावत लवकर मिटायला हवी. पण नवी मुदत घालून काम संपत नाही. दारात येऊन आर्द्रता मोजणारा आणि दोष घराचा आहे हे लिहून देणारा अधिकारी कौन्सिलकडे नसेल, तर घरमालकांचे ‘खिडक्या उघडा’ हे उत्तर बदलणार नाही.