बर्फाचा हजार वर्षांचा हिशेब

ग्रीनलँडवरचा सगळा बर्फ वितळला, तर जगभरातील समुद्राची पातळी सुमारे ७ मीटरने वाढेल. अंटार्क्टिकावरचा वितळला, तर सुमारे ५८ मीटरने. याला शतके, सहस्रके लागतील. पण कोणत्या तापमानानंतर ही घसरण थांबवता येणार नाही, हे आजच कळायला हवे.

अडचण वेगाची आहे. वातावरण तासातासाला बदलते, बर्फाचे थर शतकांच्या गतीने. तपशीलवार हवामान प्रारूपे काही मिनिटांच्या टप्प्यांनी गणित मांडतात. हजारो वर्षांसाठी ते करायचे, तर महासंगणकही अपुरा पडतो. दोन्ही हिशेब वेगळे ठेवूनही भागत नाही. बर्फाची उंची घटली, की त्याचा पृष्ठभाग खालच्या उबदार हवेत येतो आणि आणखी वितळतो. बर्फ हटला, की उघडी पडलेली गडद जमीन जास्त ऊन शोषते.

म्हणून शास्त्रज्ञ काटकसरीच्या वाटा शोधतात. मधुमेहात बोटातून रक्त काढून साखर रोज पाहता येते; ‘एचबीए१सी’ मात्र तीन महिन्यांची सरासरी सांगते. तसेच येथे हवामानाचे प्रारूप काही वर्षे चालवून त्याची सरासरी बर्फाच्या प्रारूपाला देतात. ते कितीतरी अधिक वर्षे पुढे जाते आणि बर्फाचा नवा आकार हवामानाच्या प्रारूपाकडे परत येतो.

दुसरी वाट सोप्या प्रारूपांची. जर्मनीतील पोट्सडॅमच्या संशोधकांनी ‘क्लायंबर-२’ या प्रारूपावर गेल्या ३० लाख वर्षांतील हिमयुगांची आवर्तने उभी केली. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, हवेतील कार्बन डायऑक्साइडचे आजचे प्रमाण गेल्या सुमारे ३० लाख वर्षांत कधीच नव्हते.

अशा प्रारूपांत बारकावे सुटतात. अरुंद खाड्यांतून समुद्रात उतरणारा बर्फ, तरंगत्या बर्फाला खालून झिजवणारे कोमट पाणी जाड जाळीत नीट सापडत नाही. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष तपशीलवार प्रारूपांशी आणि प्राचीन पुराव्यांशी ताडून पाहावे लागतात.

तरीही दिशा स्पष्ट आहे. ‘आयपीसीसी’च्या २०२१च्या अहवालानुसार तापमानवाढ २ अंशांवर रोखली, तरी पुढील २००० वर्षांत समुद्र २ ते ६ मीटर चढेल, ती ५ अंशांवर गेली, तर १९ ते २२ मीटर. मुंबईसारख्या किनारी शहरांचे दूरचे भवितव्य या दोन आकड्यांमधील फरकात आहे आणि तो फरक या शतकातील निर्णयांनी ठरणार आहे.