पेट्रोलच्या टाकीला भोक कशाला?

वैशाखात पारा चाळिशीपार गेला की मोबाइलवर दरवर्षी तोच इशारा फिरू लागतो. उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होईल. निम्मीच भरा, आणि दिवसातून एकदा झाकण उघडून आतला गॅस जाऊ द्या. खाली इंडियन ऑइलचं नाव असतं. हा इशारा आपला नाही, उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी कोणत्याही ऋतूत भरायला हरकत नाही, असा खुलासा इंडियन ऑइलने जाहीरपणे केलेला आहे. तरी नगर जिल्ह्यात जुनी मारुती ८००, ओम्नी किंवा पद्मिनी जिवापाड सांभाळणारी माणसं भर दुपारी झाकण उघडताना दिसतात. काही जण त्याहून पुढे जाऊन झाकणाला ड्रिलने भोकच पाडून घेतात. या दोन्ही उपायांना माझा विरोध आहे. त्यामागची तक्रार मात्र खरी आहे, आणि तिला उत्तर मिळायला हवं.

आधी स्फोटाचं पाहू. पेट्रोल आपोआप पेट घ्यायला अडीचशे अंशांच्या पुढे तापमान लागतं. कर्जत-जामखेडच्या उन्हात गाडीचा पत्रा हात भाजेल इतका तापतो, पण त्या अंकाच्या जवळपासही जात नाही. पेटण्यासाठी ठिणगी लागते, आणि पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच जळते. ३८ अंशांच्या आसपास पेट्रोलच्या वाफेचा दाब सुमारे ६० किलोपास्कल असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याहून जास्त. बंद टाकीतल्या मोकळ्या जागेत वाफच इतकी दाटते की तिला जळायला पुरेशी हवा उरत नाही. झाकण उघडलं की हीच वाफ बाहेर येते, हवेत विरळ होते आणि बरोबर त्या जळण्याजोग्या टप्प्यातून जाते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरते. शेजारच्या चहाच्या टपरीवर स्टोव्ह पेटलेला असतो, कुणाच्या हातात बिडी असते. सुरक्षिततेच्या नावाखाली धोका टाकीतून काढून माणसांच्या पायाशी आणून ठेवणारा हा सल्ला आहे.

निम्मी टाकी ठेवण्यानेही काही साधत नाही. ३५ लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर ते जेमतेम पाऊण लिटर फुगतं, आणि तेवढी जागा टाकीच्या रचनेतच राखलेली असते. नोझल आपोआप बंद झाल्यावर ‘अजून पन्नासचं बसेल’ म्हणत काठोकाठ भरणं मात्र चूक, कारण मग द्रव पेट्रोल वाफेच्या नळीत शिरतं. निम्म्या टाकीत उलट वाफेला जागा जास्त मिळते, ओल धरते, पत्रा आतून गंजतो. रोज झाकण उघडल्याने पेट्रोलमधला हलका अंश उडून जातो आणि मग सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही.

झाकणाच्या भोकाचं समर्थन गॅरेजमध्ये असं होतं: जुन्या गाड्यांच्या झाकणांना कंपनीच भोक ठेवायची, आम्ही नवं काय केलं? हा मुद्दा खरा आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. त्या झाकणांतली वाट बारीक आणि आडवळणाची असे. तीन मिलिमीटरचं सरळ भोक म्हणजे ती वाट नव्हे. शिवाय ती मोकळी वाटही पुढे बंद करावी लागली. कॅलिफोर्नियाने १९७०मध्ये आणि सगळ्या अमेरिकेने १९७१मध्ये टाकीतून हवेत उडणाऱ्या वाफेवर निर्बंध आणले आणि कोळशाचा डबा, म्हणजे कॅनिस्टर आला. तो वाफ शोषून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की ती जाळायला पाठवतो. ही वाफ साधी नाही, तिच्यात बेंझीन आहे. ओम्नीच्या मागच्या बाकावर झोपलेलं पोर तीच हुंगत असतं. पीयूसीचं यंत्र फक्त सायलेन्सरचा धूर मोजतं. टाकीतून काय उडतं ते त्याला कळतच नाही. सरळ भोकातून पावसाचं पाणीही आत जातं. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी शिरलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो.

आता तक्रारीकडे. झाकण उघडताना ‘फुस्स’ होतं, डिकीत वास येतो, गाडी पंचवीस-तीस किलोमीटरवर मिसिंग करून बंद पडते आणि थोड्या वेळाने मुकाट सुरू होते. करंजी घाट किंवा चंदनापुरी घाट चढताना हे अनेकांनी भोगलं आहे. मग टाकीतून पेट्रोल ओढणारा एसी पंप बदलला जातो, कार्बोरेटर खोलला जातो, कॉइल नवी येते. पैसे जातात, दोष तिथेच राहतो. टाकीतलं पेट्रोल कमी होताना तेवढी हवा आत यायला हवी. ती वाट बंद झाली की टाकीत निर्वात तयार होतो. टाकीचा वरचा पत्रा ६० बाय ५० सेंटिमीटर धरला आणि आतला दाब वातावरणापेक्षा एक-दशांशाने उतरला, तर त्या पत्र्यावर बाहेरून ३०० किलोंचा भार येतो. टाकी चेपते ती अशी. याच्या उलट, उन्हात बंद वाटेमुळे दाब वाढला की तो कार्बोरेटरच्या नीडल व्हॉल्व्हला न जुमानता पेट्रोल पुढे ढकलतो आणि गाडी फ्लड होते.

घाटात बंद पडलेल्या गाडीच्या पंपावर ओलं फडकं टाकायची जुनी रीत आहे. ती चुकीची नाही, पण पंपात आणि नळीत वाफ अडकली असेल तरच ती लागू पडते. दोष कुठे आहे ते ओळखायचं असेल तर इंजिन निवल्यावर, आसपास विस्तव नसताना झाकण हळूच सैल करावं. हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर वाट तुंबली आहे. काहीच फरक पडला नाही, तर फडक्याचा उपयोग.

ही वाट तुंबते ती साध्या कारणांनी. हरवलेल्या झाकणाच्या जागी बाजारातलं कुलूपवालं झाकण बसवतात, त्यात व्हॉल्व्हच नसतो. टाकीत हवा नेणाऱ्या ब्रीदर पाइपच्या उघड्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते. गाडी दोन महिने अंगणात उभी असली की एवढं पुरतं. आणि इथेनॉलपुढे न टिकणारं जुनं रबर. सहकारी साखर कारखानदारी याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभी राहिली आणि इथल्या आसवन्यांतून इथेनॉल निघतं. त्यामुळे या इंधनाला शिव्या देऊन मोकळं होणं इथल्या माणसाला तरी परवडणारं नाही. इथेनॉलमुळे टाकीत बेसुमार गॅस होतो हेही अर्धसत्य आहे: मिश्रणाने वाफेचा दाब वाढतो तो १० टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक असतो, पुढे किंचित उतरतो. खरा त्रास नळ्यांचा आहे. इथेनॉलसाठी न बनलेली जुनी होज फुगते, मऊ पडते, वळणावर मुडपते आणि वाट बंद होते.

म्हणून उपाय आहे तो मूळ वाट दुरुस्त करण्याचा. गाडीच्या मॉडेलचं, दोन्ही बाजूंना काम करणारे व्हॉल्व्ह असलेलं झाकण. इथेनॉल सोसणारी पेट्रोलचीच होज. पाण्याची पारदर्शक नळी नको, ती काही महिन्यांत कडक होऊन तडकते. बायपास केलेला कॅनिस्टर पुन्हा जागेवर. ब्रीदरमध्ये हवा मारायची तर टाकीकडचं टोक आधी सोडवून घ्यावं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा दाब टाकीचा पत्रा क्षणात फुगवतो. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: चेपलेली टाकी ‘रिकामी आहे’ म्हणून वेल्डिंगला देऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त घातक, कारण तिच्यात वाफ आणि हवा नेमक्या जळण्याजोग्या प्रमाणात असू शकतात.

हे सगळं गॅरेजपर्यंत पोहोचवण्याची साधनं जिल्ह्यातच आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमाने ज्या संस्थांना वाहनं तपासण्याचा अधिकार दिला, त्यांत नगरची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. तिच्या तज्ज्ञांनी आयटीआयच्या आवारात जिल्ह्यातल्या मिस्त्रींसाठी एक दिवस द्यावा आणि टाकी, झाकण, कॅनिस्टर उघडून दाखवावं. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी जिल्ह्यातल्या, म्हणजे एमएच १६ आणि एमएच १७च्या, गाड्या तपासायला येतात, तेव्हा दिवे आणि ब्रेकबरोबर निरीक्षकाने झाकण आणि ब्रीदरची होजही हाताने चाचपून पाहावी. भोक पाडलेलं झाकण दिसलं, तर ते बदलून आणल्याशिवाय गाडी पास करू नये.