युद्धातली वैमानिक शांततेतच घडते

१९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या हवाई दलाच्या दोन तरुण वैमानिकांनी चीता हेलिकॉप्टर उडवली. जखमी जवानांना उचलून आणायचे, पुढच्या ठाण्यांवर रसद टाकायची, शत्रूच्या जागा हेरायच्या. हे सारे शस्त्र नसलेल्या हेलिकॉप्टरमधून, शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात. बाईमाणसाला युद्धात विमान झेपेल का, या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच मिळाले. तरीही अल्पमुदतीची सेवा संपवून गुंजन सक्सेना २००४ मध्ये बाहेर पडल्या, कारण महिला वैमानिकांना कायम कमिशन तेव्हा मिळतच नव्हते. देशाने शिकवले, युद्धाने तावून काढले आणि नियमाने तो अनुभव घरी पाठवला. म्हणून माझे म्हणणे असे, की लढाईत महिला वैमानिक काय करू शकेल हे तिच्या धाडसाइतकेच शांततेच्या वर्षांत आपण घेतलेल्या निर्णयांवर ठरते.

दुसऱ्या महायुद्धाने हे दोन्ही बाजूंनी दाखवले. १९४१ मध्ये विख्यात विमान-नॅव्हिगेटर मरिना रास्कोव्हाच्या पुढाकाराने सोव्हिएत संघात महिलांच्या तीन हवाई रेजिमेंट उभ्या राहिल्या. लाकूड आणि कापडाच्या पीओ-२ विमानांतून त्यांतल्या एका रेजिमेंटने रात्रीचे बॉम्बहल्ले केले. हे इतक्या लवकर जमले, कारण त्याआधीच्या दशकात तिथल्या उड्डाण क्लबांत हजारो मुली विमान चालवायला शिकल्या होत्या. अमेरिकेत हजाराहून अधिक महिलांच्या वैमानिक दलाने लष्करी विमाने कारखान्यांतून तळांवर पोहोचवली, नवी विमाने तपासली. ३८ जणी त्यात मृत्युमुखी पडल्या. पण त्यांना सैनिकाचा दर्जा नव्हता, म्हणून अंत्यसंस्काराचा खर्चही कुटुंबावर आला. १९४४ मध्ये ते दल बरखास्त झाले आणि दर्जा मिळायला १९७७ उजाडले.

महिला वैमानिक शत्रूच्या हाती लागली तर काय, असा आक्षेप घेतला जातो. भीती खरी आहे. पण कारगिलमध्ये वैमानिक नचिकेता आणि २०१९ मध्ये अभिनंदन वर्धमान पकडले गेले, म्हणून पुरुषांना विमानातून उतरवा असे कोणी म्हटले नाही. तो धोका ओळखून गणवेश चढवणे हा ज्याचा त्याचा निर्णय असतो. तो मुलीकडून काढून घेण्याचा अधिकार कुणाला नाही. दुसरा आक्षेप बाळंतपणाचा: लाखमोलाचे प्रशिक्षण वाया जाईल. वैमानिकाच्या दीर्घ सेवेत काही महिन्यांची रजा हा नियोजनाचा विषय आहे. शिकलेल्या वैमानिकाला मुदत संपली म्हणून कायमचे गमावणे हा त्याहून मोठा तोटा आहे. शारीरिक क्षमतेचा निकष मात्र सर्वांना एकच असावा, आणि त्यात सवलत मागण्याचे कारणही नाही.

बदल होत आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये कायम कमिशनचा मार्ग मोकळा केला. २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तिघी लढाऊ विमानांच्या शाखेत दाखल झाल्या. प्रायोगिक म्हणून सुरू झालेली ही योजना २०२२ मध्ये कायम करण्याचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे (एनडीए) दार मुलींना उघडले आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली.

लातूर जिल्ह्यातल्या आपल्या निलंग्याला हे दूरचे वाटायचे कारण नाही. १९५६ पर्यंत निलंगा तालुका ज्या बिदर जिल्ह्यात होता, त्या बिदरच्या हवाई तळावर लढाऊ वैमानिक हॉक या प्रशिक्षण विमानावर शिकतात. त्या पहिल्या तिघीही तिथेच शिकल्या. पण एनडीएतून हवाई दलात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्राबरोबर गणितही लागते. लातूर पॅटर्नमध्ये डॉक्टर होण्याच्या ओढीने अनेक मुली अकरावीतच गणित सोडतात आणि ही वाट खुली आहे हे त्यांना कुणी सांगतही नाही. निलंग्यातल्या शाळांनी दहावीच्या निकालाआधीच मुलींना आणि त्यांच्या पालकांना एनडीएची माहिती द्यावी, महाविद्यालयांनी वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या वर्गांशेजारी एनडीएच्या परीक्षेचाही वर्ग चालवावा. पुढच्या युद्धात कॉकपिटमध्ये कोण असेल, याचा काही भाग अकरावीच्या प्रवेश अर्जावर ठरणार आहे.