बंधपत्राने सेवाभाव येत नाही

गुणगौरव समारंभात वैद्यकीय प्रवेश मिळवलेल्या मुलामुलींना आपण श्रीफळ देतो आणि त्याच व्यासपीठावरून हमखास ऐकतो, की आजच्या पिढीत सेवाभाव उरलेला नाही. हे विधान मला मुळीच मान्य नाही. अठराव्या वर्षी महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या मनात कणव असते. पुढच्या साडेपाच वर्षांत ती झिजवली जाते. दोष पिढीचा नाही, शिक्षणाचा आहे, आणि त्यात आपणा पालकांचाही वाटा आहे.

योजनांची उणीव कधीच नव्हती. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्येच प्रत्येक भावी डॉक्टरला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचवले होते. १९७७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना ग्रामीण भाग जोडून देण्याची योजना आली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांना गावातील कुटुंबे दत्तक घ्यायला सांगितले. कागद परिपूर्ण आहे. (कागदावर काय काय परिपूर्ण असू शकते, हे माझ्यासारख्या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याला कोणी सांगायला नको.)

उणीव आहे ती मानाची. शल्यचिकित्सेच्या प्राध्यापकांमागे विद्यार्थ्यांचा घोळका चालतो. सामाजिक वैद्यकाचा तास मात्र हजेरीपुरता. आंतरवासितेत त्या विषयासाठी राखलेले बारा आठवडे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासासाठीच असतात, असा समज रूढ झाला आहे. विहिरीत ब्लीचिंग पावडर किती घालायची, हे प्रमाण विद्यार्थी पाठ करतो. पण ती गावात येते कुठून, विहिरीत घालतो कोण आणि संपली की सांगायचे कोणाला, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

मग शासन बंधपत्र लिहून घेते. ग्रामीण सेवा करा, नाहीतर रक्कम भरा! दंड भरून ज्यातून सुटता येते, ती शिक्षाच नव्हे काय? आणि आम्ही अधिकाऱ्यांनी तरी वेगळे काय केले? कामचुकार माणसाची बदली आदिवासी तालुक्यात करावी, असे प्रस्ताव मी स्वतः सही करून वर पाठवले आहेत. त्या तालुक्यातील लोकांनी कोणता अपराध केला होता, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, याची आज लाज वाटते. उरली बंधपत्राची रक्कम. ती आपल्यातलीच काही घरे प्रवेशाच्या दिवसापासून बाजूला काढून ठेवतात. हीच घरे डॉ. रखमाबाईंचे नाव अभिमानाने घेतात. त्या १८९४ मध्ये लंडनहून डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथील स्त्रियांची सेवा करण्यात त्यांनी आयुष्य वेचले. कोणत्या बंधपत्राने?

परिचारिकांची कथा अधिक दुःखद आहे. सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, हे आपले प्रमाण. तिथला खरा भार वाहते ती नर्सबाई. लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी, क्षयरोग्याची औषधे चुकली तर त्याच्या दाराशी जाणे, सारे तिच्याकडे. पण तिच्या शिक्षणात शिकवले जाते ते प्रामुख्याने आज्ञापालन. वॉर्डात हात कमी पडले की विद्यार्थिनींना तिथे जुंपायचे आणि त्याला अनुभव म्हणायचे! डॉक्टर आणि परिचारिका पुढे आयुष्यभर एकत्र काम करतात, पण शिकताना एका बाकावर कधी बसत नाहीत. ज्या विद्यार्थ्याने नर्सबाईला फक्त हुकूम ऐकतानाच पाहिले, तो तिच्याकडून गाव कसे शिकणार?

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी सेवाग्रामला जाऊन यावे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभारलेल्या तिथल्या महाविद्यालयात विद्यार्थी पहिल्याच वर्षी गावात मुक्कामाला जातात. गाव त्यांना पुस्तकाआधी भेटते.

माझी मागणी साधी आहे. दत्तक कुटुंबांच्या कामाचे गुण शल्यचिकित्सेच्या गुणांइतकेच मोजावेत, आणि त्यांतले निम्मे उपकेंद्रातील नर्सबाईने द्यावेत. प्राध्यापकांना हे अपमानास्पद वाटेल, वाटू द्या. आपल्या मंडळापुरते बोलायचे तर पुढच्या गुणगौरवाला प्रमुख पाहुणी म्हणून जवळच्या उपकेंद्रातील नर्सबाईंना बोलवावे. श्रीफळ त्यांच्या हातून दिले जाऊ दे, आणि भाषणही त्याच करोत.