जुना संगणक भंगारात का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांना नाकारते, म्हणून सल्ला एकच मिळतो : नवा संगणक घ्या. हा सल्ला आंबोलीसारख्या गावातल्या घराला महागात पडणारा आहे आणि अनाठायीही आहे.

विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली जुन्या यंत्रावर चालवता येते. पण तिचं नाव काढलं की म्हणतात, ‘फुकटचं ते तकलादू.’ मग दुरुस्तीवाल्याने बसवून दिलेली चोरीची (क्रॅक) विंडोज आपण कुठे पैसे मोजून घेतली होती? लिनक्स १९९१ पासून सगळ्या जगासमोर तपासलं जातंय आणि अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे. त्या फोनवरून बिनघोर पैसे पाठवायचे आणि तेच संगणकावर आलं की नाक मुरडायचं, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप शिकण्याचा. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच. पत्र-हिशेबासाठीच्या लिबरऑफिस या मोफत संचाचे मराठी धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मोफत आहेत.

काही कामं लिनक्सवर होत नाहीत, या तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. टॅली, डिजिटल सहीची काही टोकनं, श्रीलिपीतल्या जुन्या फायली इथे गाडी अडते. ज्याचं पोट त्यावर आहे, त्याने विंडोज ठेवावी. पण पत्र, हिशेब, फोटो, ऑनलाइन फॉर्म एवढंच काम असलेल्या घराला ही अडचण लागू नाही.

आंबोलीचा पाऊस माहीत असलेल्याला आणखी एक गोष्ट पटेल. विंडोज ११ बसवताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. ऐन आषाढात नेट गेलं की बसा हात चोळत. लिनक्सची मिंट ही आवृत्ती मात्र नेटशिवाय बसते. तिची सुमारे तीन जीबीची फाइल सावंतवाडीला गेल्यावर उतरवून पेनड्राइव्हवर चढवा, संगणक त्यावरूनच सुरू करा. हार्डडिस्कला हात न लावता प्रिंटर, वायफाय, आवाज तपासता येतात. चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्राला मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. पसंत पडलं, तरच आधी फोटो-कागदपत्रांची प्रत काढून ते कायमचं बसवा.

घरचा संगणक कधी निवृत्त करायचा, हे कंपनीने ठरवू नये. नव्यासाठी हप्ते बांधण्याआधी एक रविवार जुनाच लिनक्सवर चालवून बघा. नाहीच जमलं, तर मग खुशाल खिशात हात घाला.