मोकळी सोडलेली चौकट

कल्पसूत्राच्या पंधराव्या शतकातील सचित्र पोथ्या ज्यांनी एखाद्या संग्रहालयात किंवा ज्ञानभांडारात पाहिल्या असतील, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. लेखनिकाने आधी मजकूर लिहिला आणि लिहितानाच पानावर चित्रासाठी एक चौकट मोकळी सोडली. चित्रकाराचा हात त्यानंतर लागला. काही पोथ्यांच्या समासात चित्रकारासाठी लहानशी खूण किंवा सूचनाही आढळते. लेखनिकाचे अक्षर कितीही वळणदार असले, तरी त्या चौकटीत त्याने शाई लावली नाही.

मुलांसाठी चित्रपुस्तक लिहू पाहणाऱ्याला आजही नेमके हेच शिकावे लागते, आणि ते वाटते तितके सोपे नाही. बालसाहित्याच्या लेखनस्पर्धा आपल्याकडे नव्या नाहीत. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्ले यांनी १९५७ साली दिल्लीत चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. या संस्थेने बालपुस्तकांच्या लेखकांसाठी स्पर्धा घेतल्या आणि नव्या लेखकांना वाट करून दिली. अशा एखाद्या स्पर्धेची जाहिरात वाचनात आली की अनेक घरांतील आजी-आजोबांच्या मनात येते, नातवंडांना रात्री सांगतो तीच गोष्ट लिहून पाठवावी. इच्छा चांगलीच आहे. परंतु सांगण्याची गोष्ट आणि चित्रपुस्तकाची संहिता या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

उदाहरणादाखल इतवारीतील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरातील आजींची कल्पना करावी. वय अडुसष्ट. नात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीला. नातीला मराठी छान बोलता येते. वाचताना मात्र अक्षराला अक्षर जुळवावे लागते. आजींनी लिहायचे ठरवले ते बक्षिसासाठी कमी आणि या नातीसाठी अधिक.

गोष्ट सासऱ्यांच्या वेळची. दुकानाची जुनी पाटी उतरवून अक्षय्यतृतीयेला नवी लावायची होती. पेंटर नवी पाटी रंगवून घेऊन आला. शिडी लागली, आणि जुन्या पाटीमागे चिमणीचे घरटे निघाले. आत नुकतीच अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले. सासऱ्यांनी पेंटरला खाली बोलावले आणि म्हणाले, ‘पाटी थांबेल, पिल्लं थांबणार नाहीत.’ त्या वर्षीची अक्षय्यतृतीयेची पूजा जुन्या, रंग उडालेल्या पाटीखालीच झाली. एवढीच गोष्ट. घरात ती चाळीस वर्षे सांगितली जात आहे. लिहिलेली मात्र कोठेही नाही.

आजींचा पहिला खर्डा हजार शब्दांच्या पुढे गेला. आरंभी दुकान कोणी काढले, मग माल कोठून येई, मग उन्हाळ्यातील नागपूरचे ऊन, वाळ्याचे पडदे, सासऱ्यांचा स्वभाव. चिमणी तिसऱ्या पानावर आली. शेवटी भूतदयेचे महत्त्व सांगणारी पाच वाक्ये. आठवणींचा लेख म्हणून हा मजकूर वाईट नव्हता. पण सात वर्षांच्या मुलीने मांडीवर घेऊन वाचावे असे पुस्तक त्यातून होणार नव्हते.

येथे छपाईचा हिशेब उपयोगी पडतो. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घातला की सोळा पानांचा एक फर्मा होतो. चित्रपुस्तके बहुधा अशा दोन फर्म्यांची, म्हणजे ३२ पानांची असतात. १६ आणि २४ पानांचीही निघतात. ३२ पानांतील पहिली तीन पाने शीर्षक, प्रकाशनाचा तपशील आणि अर्पणपत्रिका यांत जातात. चौथ्या पानापासून एकतिसाव्यापर्यंत समोरासमोरची चौदा जोडपाने उरतात आणि शेवटी एकटे बत्तिसावे पान. प्रत्येक जोडपानावर वीस शब्द धरले, तर गोष्ट तीनशे शब्दांच्या आत बसवावी लागते.

हा आकडा कमी वाटणाऱ्यांनी जगभर वाचली गेलेली पुस्तके पाहावीत. मॉरिस सेंडाक यांचे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे १९६३ सालचे पुस्तक इंग्रजीत ३३८ शब्दांचे आहे. त्यात गोष्ट ऐन रंगात येते, तेव्हा सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. तेथे सगळा कारभार चित्राच्या हाती दिलेला आहे. आपल्याकडे पुण्याच्या माधुरी पुरंदरे यांची पुस्तके पाहावीत. लेखन आणि चित्रे दोन्ही त्यांचीच असतात. ‘राधाचं घर’सारख्या त्यांच्या पुस्तकांत राजाही नाही आणि राक्षसही नाही, साधे घर आणि घरातील माणसे आहेत. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. गोष्ट मोठी होण्यासाठी प्रसंग मोठा लागत नाही, हे या पुस्तकांवरून कळते. दुकानाच्या पाटीमागचे घरटे पुरेसे असते.

आजींनी आठ कोरे कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडले. बत्तीस पानांची नमुन्याची वही झाली. खर्ड्यातील वाक्ये कापून त्या वहीच्या पानांवर मांडायला बसल्यावर पहिली अडचण लगेच दिसली. पहिल्या पाच जोडपानांवर चित्र काढण्याजोगे काही घडतच नव्हते. दुकानाचा सारा इतिहास त्यांनी बाजूला काढून ठेवला. गोष्ट आता पेंटरच्या शिडीपासून सुरू झाली.

त्यानंतर दुसरी कापणी. ‘शिडी बांबूची होती’, ‘पेंटरच्या सदऱ्यावर निळ्या रंगाचे डाग होते’, ‘घरटे काड्यांचे आणि सुतळीच्या तुकड्यांचे होते’, ‘सारे जण वर पाहू लागले’ ही वाक्ये चांगली असली तरी चित्रकार हे सर्व दाखवणारच आहे. रोजमेळात एकच रक्कम दोनदा पडली की शिल्लक जुळत नाही; येथेही तसेच आहे. जे चित्रात दिसते ते शब्दांत पुन्हा लिहायचे नाही. शब्दांकडे चित्राला न साधणाऱ्या गोष्टी ठेवायच्या: आवाज, बोलणे, गेलेला काळ, मनात आलेला विचार. पाटीमागून आलेली ‘चिव चिव’ शब्दांतच हवी. तिची जागाही ठरवावी लागते. आजींनी ती उजव्या पानाच्या तळाशी नेली, म्हणजे आवाज कोणाचा हे पाहण्यासाठी मुलाला पान उलटावेच लागेल.

जे चित्रातून दिसलेच पाहिजे, पण शब्दांत नाही, त्यासाठी चौकटी कंसात थोडक्यात चित्रसूचना द्यावी. ती कामापुरतीच असावी. नव्या पाटीवर दुकानाचे नाव पूर्ण दिसावे, ही सूचना योग्य. चिमणी कोणत्या फांदीवर, आजोबांची टोपी कोणत्या रंगाची, हे चित्रकारावर सोडावे. स्वतः चित्र काढता येत नाही म्हणून कोणी मागे हटण्याचे कारण नाही. मात्र चित्रे मागितली आहेत की केवळ संहिता, हे नियमांत आधी पाहून घ्यावे.

गोष्ट काल्पनिक असो वा खरी, तिच्यातील जग खरे असावे लागते. आजींच्या खर्ड्यात तीन दिवसांत पिल्ले उडून गेली होती. प्रत्यक्षात चिमणीची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर उडण्याजोगी होण्यास साधारण दोन आठवडे लागतात. ही दुरुस्ती केल्यावर गोष्टीचेही बळ वाढले. पाटी तीन दिवस थांबणे ही किरकोळ बाब झाली. दोन आठवडे थांबणे आणि त्यात अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त जाऊ देणे, हा व्यापारी घरासाठी खरा निर्णय झाला.

भाषेचाही प्रश्न आला. दुकानातील गडी म्हणतो, ‘शेठजी, चिमणी आत जाऊन राहिली.’ घरातील कोणीतरी सुचवले की परीक्षक पुण्या-मुंबईचे असतील, तेव्हा ‘चिमणी आत जात आहे’ असे करावे. आजींनी निवेदन प्रमाण मराठीत ठेवले आणि गड्याचे वाक्य जसेच्या तसे राहू दिले. नागपूरच्या दुकानातील माणूस नागपूरचेच बोलणार. ते वाक्य मोठ्याने वाचताच नात हसली, कारण तिने असे बोलणे रोज ऐकले होते. छापील मराठीत मात्र कधी पाहिले नव्हते. संहिता पाठवण्यापूर्वी ती दोन-तीन वेळा मोठ्याने वाचून पाहावी, असे जाणकार सांगतात ते यासाठीच. जीभ जेथे अडखळते, तेथे वाक्य अजून तयार नसते.

सर्वांत कठीण कापणी शेवटी आली. भूतदयेची पाच वाक्ये काढताना आजींना फारसे वाटले नाही. गोष्टीत जे घडले त्याचाच तो उपदेश होता. पण सासऱ्यांचे वाक्य? ‘पाटी थांबेल, पिल्लं थांबणार नाहीत.’ याच वाक्यासाठी तर हा सारा खटाटोप होता. ते वाक्य म्हणणारा माणूस आज नाही आणि त्याचा आवाज आठवणारेही घरात दोघेच उरले आहेत. तरीही नमुन्याच्या वहीत ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचताना आजींच्या लक्षात आले, की त्याचा उत्तरार्ध पुढच्या जोडपानावर चित्रात येणारच आहे: चार उघड्या चोची. दोन दिवस विचार करून त्यांनी अर्धे वाक्य खोडले. राहिले ते एवढेच, ‘पाटी थांबेल.’ शेवटच्या एकट्या पानावर त्यांनी शब्द ठेवलाच नाही. फक्त सूचना लिहिली, की जुन्या पाटीखाली पूजा चालू आहे आणि नवी पाटी कागदात गुंडाळलेली, पोत्यांना टेकून उभी आहे.

संहिता झाली तरी काम संपत नाही. स्पर्धेचे नियम शब्दशः वाचावेत. शब्दमर्यादा, वयोगट, साहित्य स्वतःचे व अप्रकाशित असल्याचे प्रतिज्ञापत्र, नाव संहितेवर घालायचे की वेगळ्या कागदावर, या बाबींत चूक झाली तर चांगली गोष्टही बाजूला पडते. पाठवलेल्या संहितेची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

हक्कांविषयीची कलमे तर व्यापारी माणसाने सौद्याच्या कागदाइतक्याच काळजीने वाचावीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला देणे लेखी आणि सहीनिशीच होते. किती वर्षांसाठी हे लिहिले नसेल तर मुदत पाच वर्षे धरली जाते. कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर तो हक्क भारतापुरता मानला जातो. हक्क दिला तरी लेखक म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. एखादी स्पर्धा केवळ भाग घेतल्याबद्दल सर्व हक्क कायमचे मागत असेल, तर सही करण्यापूर्वी थांबावे. दुसऱ्या बाजूने आपलीही जबाबदारी आहे. परंपरेने चालत आलेली लोककथा कोणीही सांगू शकतो. पण अलीकडच्या एखाद्या लेखकाने तिला दिलेले शब्द उचलता येत नाहीत. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत ते संरक्षित असतात.

निकाल अनुकूल लागेलच असे नाही. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांनी १८९३ साली एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रातून पीटर नावाच्या सशाची गोष्ट जन्मली. पुढे तिचे पुस्तक करायचे ठरवल्यावर प्रकाशकांनी ते नाकारले. तेव्हा त्यांनी १९०१ च्या डिसेंबरात स्वतःच्या खर्चाने २५० प्रती छापून घेतल्या. १९०२ साली फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने ते रंगीत चित्रांसह काढले आणि पुढे ते जगभर गेले. नकाराने गोष्ट खोटी ठरत नाही. मात्र आपल्या गोष्टीवर विश्वास असणाऱ्याने आधी ती एका खऱ्या मुलासाठी लिहिलेली असली पाहिजे. पॉटर यांनी तसेच केले होते.

पाकीट बंद करण्याच्या आदल्या रात्री आजींनी नमुन्याची वही नातीच्या हाती दिली. चित्रे नव्हतीच, प्रत्येक पानावर पेन्सिलीने आखलेली एक मोकळी चौकट आणि खाली एक-दोन ओळी. नात अक्षर जुळवीत वाचत गेली. गड्याच्या वाक्याला पुन्हा हसली. ‘पाटी थांबेल’ येथे ती थांबली, पान उलटले आणि समोरच्या रिकाम्या चौकटीकडे पाहत राहिली.

मग तिने आजीला विचारले नाही. स्वतःच म्हणाली, ‘कारण पिल्लं थांबणार नाहीत ना.’

आजींनी वही मिटली आणि पाकिटावर पत्ता लिहायला घेतला.